कर्नल बदलला आणि नेटवर्क मंदावलं: घसरण नेमकी कुठे झाली, ते शोधायचं कसं

सप्टेंबर २०२२ मध्ये व्हीएमवेअरच्या परफॉर्मन्स टीमनं लिनक्स कर्नलच्या विकासकांना एक अहवाल पाठवला. ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीवरच्या लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये कर्नल ५.१८ च्या जागी ५.१९ घातला, की आकडेमोडीची कामं ७० टक्क्यांपर्यंत, नेटवर्क ३० टक्क्यांपर्यंत आणि डिस्कची कामं १३ टक्क्यांपर्यंत मागे पडत होती. प्रोसेसर इंटेल स्कायलेक. अहवाल एवढ्यावर थांबला नव्हता. दोन आवृत्त्यांमधले हजारो बदल चाळून त्यांनी एका कमिटवर (कोडमध्ये नोंदवलेल्या एका बदलावर) बोट ठेवलं होतं: रेटब्लीड या सुरक्षा-त्रुटीवरच्या उपायाचा भाग असलेला एक बदल. तो उपाय बूट करतानाच बंद ठेवला, की आकडे पुन्हा ५.१८ च्या पातळीला येतात, हेही त्यांनी दाखवलं होतं.

"नव्या कर्नलवर नेट जरा स्लो वाटतंय" असं म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांचं म्हणणं खरं असलं तरी त्यावरून कुणाला काही दुरुस्त करता येत नाही. त्या वाक्यापासून वरच्यासारख्या अहवालापर्यंत कसं पोचायचं, ते इथे सांगते आहे. तुम्हाला टर्मिनल हाताळता येतं आणि कर्नल स्वतः कंपाइल करायची तयारी आहे, एवढं धरून चालते.

१. आधी ठरवा, मोजायचं काय

नवखा माणूस आयपर्फ३ हे वेग मोजायचं साधन चालवतो, एक गिगाबिटच्या कार्डवर ९४१ मेगाबिट दिसतात, नव्या कर्नलवरही ९४१ च दिसतात, आणि तो "काही फरक नाही" असं लिहून मोकळा होतो. हा ९४१ कुठून येतो ते समजून घ्या. १५०० बाइटच्या एमटीयूवर (एका पॅकेटची कमाल लांबी), टाइमस्टॅम्प चालू असलेल्या टीसीपीच्या एका पॅकेटमध्ये तुमचा माल असतो १४४८ बाइट. तारेवर मात्र ते पॅकेट हेडर, प्रिअँबल आणि दोन फ्रेममधलं अंतर धरून १५३८ बाइटची जागा अडवतं. १४४८ भागिले १५३८, म्हणजे सुमारे ९४.१ टक्के. तार भरली की यापुढे आकडा जाणारच नाही, कर्नल कितीही चांगला असो. आणि कर्नल बिघडला, तरी सीपीयूकडे हात मोकळा आहे तोवर आकडा ९४१ च राहील. तेवढ्याच कामासाठी सीपीयू जास्त राबेल, इतकंच.

म्हणून थ्रूपुटच्या (सेकंदाला पोचलेल्या मालाच्या) शेजारी सीपीयूचा खर्च लिहिल्याशिवाय तो आकडा अर्धवट समजा. नेटपर्फ या दुसऱ्या साधनात याची सोय आहे. दोन्ही टोकांचा सीपीयू मोजायला सांगितलं, की तो "सर्व्हिस डिमांड" देतो: एक किलोबाइट पोचवायला किती मायक्रोसेकंद सीपीयू लागला. माझा सर्वाधिक विश्वास या आकड्यावर आहे, कारण तार भरलेली असतानाही तो बोलतो.

सुरुवातीला तीन चाचण्या पुरेत, तिन्ही नेटपर्फमध्येच आहेत. टीसीपी-स्ट्रीम म्हणजे मोठा माल सरळ ढकलणं. टीसीपी-आरआर म्हणजे एक बाइट पाठवायचा, एक बाइट परत यायची वाट पाहायची, पुन्हा तेच. सेकंदाला २०,००० फेऱ्या झाल्या तर एका फेरीला ५० मायक्रोसेकंद लागले, इतका सरळ हिशोब. टीसीपी-सीआरआर दर फेरीला नवं कनेक्शन उघडतो आणि बंद करतो. वेब सर्व्हरचं दुखणं त्यात दिसतं. तार गच्च भरलेली असताना पिंग किती ताणला जातो हे पाहायचं असेल तर फ्लेंट हे साधन वापरा.

लहान पॅकेटांची चाचणी पुढे कधीतरी घ्याच. १० गिगाबिटच्या तारेवर ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार बसतात. म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर उघड झाल्यावर रेटपोलीन हा उपाय आला आणि फंक्शन पॉइंटरमधून होणारा प्रत्येक कॉल महागला. नेटवर्क स्टॅकमध्ये असे कॉल जागोजागी आहेत. ६७ नॅनोसेकंदांच्या बजेटमध्ये तेवढी वाढही बोचते. म्हणूनच ५.० मध्ये नेहमीच्या वाटांवरचे हे कॉल थेट कॉलमध्ये बदलणारे मॅक्रो आणावे लागले. मोठा माल ढकलणाऱ्या चाचणीत ही घसरण फारशी दिसत नाही, कारण तिथे एका कॉलचा खर्च पुष्कळ बाइटांवर वाटला जातो.

२. दोन मशीन, मध्ये एक तार

शक्यतो दोन खऱ्या मशीन घ्या आणि मध्ये स्विचही न ठेवता सरळ केबल जोडा. कर्नल एकाच मशीनवर बदला, समोरची मशीन महिनोन्‌महिने त्याच कर्नलवर राहू द्या. दोन्ही टोकं एकदम बदलली तर घसरण पाठवणाऱ्याकडे झाली की घेणाऱ्याकडे, हे कधीच कळणार नाही. दोन्ही दिशांनी मात्र मोजा. पाठवताना कर्नल मोठा तुकडा कार्डाकडे देतो आणि कार्ड त्याची पॅकेटं करतं. घेताना उलट, आलेली पॅकेटं कर्नल गोळा करून वर देतो. या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत, एक बिघडली म्हणून दुसरी बिघडेलच असं नाही.

एकच मशीन असेल तर दोन नेटवर्क नेमस्पेस (एकमेकांपासून वेगळे नेटवर्कचे कप्पे) करून व्हीईथची (आभासी कार्डांची) जोडी लावता येते. सरावाला ते उत्तम. पण तिथे ड्रायव्हर आणि कार्ड नसतं, त्यामुळे त्यावरून कार्डाबद्दल काहीही बोलू नका.

मोजण्याचं साधनही गोठवून ठेवा. आयपर्फ३ हा ३.१६ च्या आधी एकाच थ्रेडवर चालायचा. २०२३ च्या अखेरीस आलेल्या ३.१६ पासून प्रत्येक स्ट्रीमला स्वतंत्र थ्रेड मिळतो. डिस्ट्रोची आवृत्ती चढवताना कर्नलबरोबर आयपर्फ३ ही बदलला, तर अनेक स्ट्रीमचा आकडा एकदम उडी मारेल आणि श्रेय कर्नलला जाईल.

३. त्याच कर्नलवर आकडा किती हलतो?

या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ घालवा. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाळूवर उभं राहतं.

एक प्रसंग सांगते. उन्हाळ्याचे दिवस होते, पुण्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये मी सकाळी जुना कर्नल मोजला आणि जेवण करून येऊन दुपारी नवा. नवा ५ टक्के मागे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सहकाऱ्यानं क्रम उलटा करायला सांगितलं: सकाळी नवा, दुपारी जुना. आता जुना मागे पडला. दुपारी एसीला खोली आवरत नव्हती, प्रोसेसर तापला की टर्बोचा (प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव) वेग आपोआप खाली येत होता आणि मी दोन दिवस खोलीचं तापमान मोजत होते. तेव्हापासून मी आधी जुना दहा वेळा आणि मग नवा दहा वेळा असं कधीच मोजत नाही. जुना, नवा, जुना, नवा असं आलटून पालटून घेते.

सीपीयूचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवा, टर्बो बंद करा, गाढ झोपेच्या सी-स्टेट बंद करा. टर्बो बंद केल्यावर आकडे एकूणच खाली येतील. येऊ द्या, आपल्याला विक्रम करायचा नाही, तुलना करायची आहे. आयआरक्यू-बॅलन्स ही सेवा थांबवा आणि कार्डाचे इंटरप्ट (पॅकेट आल्याचे इशारे) ठरावीक कोरवर बांधा. दोन सॉकेटची मशीन असेल तर कार्ड ज्या नूमा नोडला (सॉकेट आणि त्याच्या जवळची मेमरी) जोडलेलं आहे त्याच नोडवर चाचणी चालवा.

आता एक बारीक गोष्ट, जी नवख्यांना हमखास चकवते. कार्डाला अनेक रांगा असतात. आलेलं पॅकेट कुठल्या रांगेत जाणार हे दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते आणि पोर्ट यांच्या हॅशवरून ठरतं. पाठवणाऱ्याकडचा पोर्ट दर वेळी नवा मिळतो, म्हणून रांग बदलते, म्हणून इंटरप्ट घेणारा कोर बदलतो. तो कोर कधी नेटपर्फचाच असतो, कधी शेजारचा. अशा वेळी वीस मोजण्यांचे आकडे कागदावर मांडले तर ते मधल्या सरासरीभोवती जमत नाहीत, त्यांचे दोन वेगळे पुंजके पडतात. सरासरी काढली तर ती दोघांच्या मध्ये, जिथे एकही मोजणी नाही तिथे पडते. असे पुंजके दिसले की आधी पोर्ट पक्का करा. आयपर्फ३ मध्ये क्लायंटचा पोर्ट ठरवून देता येतो. मग टास्कसेट वापरून प्रोग्रामही एका कोरवर बांधा.

आणि रीबूट करा. एकाच बूटमध्ये पन्नास वेळा मोजलं तरी ते फार तर त्या बूटचं मोजमाप झालं. प्रत्येक बूटला मेमरीची मांडणी थोडी वेगळी होते आणि तिचा परिणाम आकड्यांवर पडतो. पाच बूट आणि प्रत्येकी पाच मोजण्या, हे एका बूटमधल्या पन्नास मोजण्यांपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं.

हे सगळं झाल्यावर जुना कर्नल विरुद्ध तोच जुना कर्नल अशी तुलना करा, जणू दोन वेगळे कर्नल आहेत. मध्यक काढा, दोन्हींतला फरक पाहा. तो फरक ४ टक्के आला तर तुमच्या मांडणीत ३ टक्क्यांच्या घसरणीबद्दल बोलायची सोय नाही. आधी तो खाली आणा, मगच नव्या कर्नलला हात लावा.

४. कर्नल बदला आणि फक्त कर्नलच बदला

डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये त्यांचे स्वतःचे पॅच आणि वेगळं कॉन्फिग असतं, म्हणून तुलना मूळ स्रोतावरून कंपाइल केलेल्या कर्नलांमध्येच करा. जुन्या कर्नलची कॉन्फिग फाइल उचला, नव्या स्रोतात ठेवा, ओल्डडेफकॉन्फिग (नव्या पर्यायांना मूळची ठरलेली मूल्यं देणारी आज्ञा) चालवा. नंतर स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या डिफकॉन्फिगनं दोन्ही फाइलींतला फरक डोळ्यांखालून घाला. केसॅन किंवा लॉकडेपसारखा तपासणीचा पर्याय चालू राहिला असेल तर नेटवर्क मंद होणारच, त्यात रिग्रेशन (आधीच्या आवृत्तीपेक्षा झालेली घसरण) कसलं! कंपाइलर दोन्हींना एकच वापरा. लोकलमॉडकॉन्फिगनं फक्त तुमच्या मशीनला लागणारी मॉड्यूल ठेवली तर कंपाइलचा वेळ खूप वाचतो, आणि पुढे तो तुम्हाला लागणार आहे.

बूट झाल्यावर, मोजण्याआधी, एका छोट्या स्क्रिप्टनं परिस्थितीचा फोटो काढून ठेवा: कार्डाची सेटिंग दाखवणाऱ्या ईथटूलनं दाखवलेले ऑफलोड (कार्डावर सोपवलेली कामं) आणि रिंगचा (कार्डाच्या पॅकेट-रांगेचा) आकार, टीसीपीचा कंजेशन कंट्रोल (गर्दीनुसार वेग ठरवायची पद्धत), क्यूडिस्क (बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची रांग लावायची पद्धत), मायक्रोकोड आणि कार्डाच्या फर्मवेअरची आवृत्ती, बूटची पूर्ण ओळ. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) सीपीयूच्या सुरक्षा-त्रुटींची एक डिरेक्टरी आहे. कुठल्या त्रुटीवर कुठला उपाय चालू आहे हे तिथे साध्या मजकुरात मिळतं, तीही जपून ठेवा. ५.१९ ची कहाणी याच डिरेक्टरीतल्या फरकात दिसली असती.

आवृत्तीचा क्रमांकही पूर्ण लिहा. नुसतं "५.१८" पुरत नाही. रेटब्लीडवरचे उपाय जुन्या स्टेबल मालिकांमध्येही मागाहून गेले, त्यामुळे मालिका तीच असली तरी शेवटचा आकडा बदलला की वागणूक बदलू शकते.

केव्हा मोजायचं? नवी मुख्य आवृत्ती ९ ते १० आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे मर्ज विंडो. नेट-नेक्स्ट या शाखेत साठलेले नेटवर्कचे बदल तेव्हाच मुख्य शाखेत जातात. मग आरसी-१ (पहिली चाचणी-आवृत्ती), आणि त्यानंतर साधारण दर रविवारी एकेक आरसी, बहुधा सातपर्यंत, कधी आठ. तुम्हाला एकदाच मोजायला वेळ असेल तर आरसी-२ च्या सुमारास मोजा. बदल लिहिणाऱ्याला तो अजून ताजा आठवत असतो आणि मागे घेणंही सोपं असतं.

५. घसरण दिसली. खरी आहे का? कुठल्या जातीची?

लगेच जुन्या कर्नलवर परत जा. आकडा परत आला तर पुढे चला, नाही आला तर मधल्या काळात दुसरंच काही बदललंय.

मग घसरणीची जात ओळखा. एक जात खर्चाची: काम तेच, सीपीयू जास्त. तिथे दोन्ही कर्नलवर पर्फ (सीपीयूचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) रेकॉर्ड करून पर्फ डिफनं तुलना करा. कुठलं फंक्शन वर सरकलं ते दिसतं. दुसरी जात वागणुकीची: सीपीयू निवांत आहे आणि तरीही माल पुढे सरकत नाही. तिथे पर्फ फारसं बोलत नाही. एनस्टॅटमध्ये (कर्नलचे नेटवर्कचे काउंटर दाखवणारं साधन) रीट्रान्समिटचे (पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचे) आकडे पाहा, ईथटूलच्या आकडेवारीत गळालेली पॅकेटं पाहा, एसएस या आज्ञेनं कनेक्शनची कंजेशन विंडो (एका वेळी किती माल वाटेत ठेवता येतो ती मर्यादा) पाहा.

वागणुकीच्या जातीचं लख्ख उदाहरण जून २०१९ चं आहे. नेटफ्लिक्समधल्या संशोधकाला टीसीपीच्या सॅक (कुठली पॅकेटं पोचली ते निवडून कळवण्याची सोय) हाताळणीत त्रुटी सापडल्या. त्यांतली एक, सॅक पॅनिक, मुद्दाम रचलेल्या पॅकेटांनी कर्नल पाडू शकत होती. दुरुस्त्या तातडीनं आल्या. त्यांपैकी एका पॅचनं रांगेतल्या पॅकेटचे तुकडे करताना मेमरीची मर्यादा लावली. ज्या ॲप्लिकेशननी पाठवण्याचा बफर मुद्दाम खूप लहान ठेवला होता, त्यांची कनेक्शनं या मर्यादेत अडकून थबकू लागली. त्याच महिन्यात ती मर्यादा सैल करणारा पॅच आला आणि जुलैत आणखी एक. नेहमीच्या बफरवर चालणाऱ्या आयपर्फ३ ला यातलं काहीच दिसलं नसतं. त्या पॅचनं जोडलेला एनस्टॅटमधला टीसीपी-डब्ल्यूक्यू-टू-बिग हा काउंटर मात्र वाढताना दिसला असता. म्हणून तुमचं खरं ॲप्लिकेशन सॉकेटवर जे पर्याय लावतं, तेच लावलेली एक चाचणी तुमच्या संचात असायलाच हवी.

६. बायसेक्ट

एका मुख्य आवृत्तीत साधारण १३ ते १५ हजार कमिट असतात. गिट बायसेक्टला एक चांगली आणि एक वाईट आवृत्ती सांगितली की तो मधला कमिट काढून देतो. तुम्ही मोजायचं आणि चांगला की वाईट ते सांगायचं, उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच. १६,३८४ कमिट असले तरी १४ फेऱ्यांत उत्तर येतं. कंपाइल, तीन-चार बूट आणि मोजणी धरून एका फेरीला तास-दीड तास धरा.

गिटला गोंगाट कळत नाही. चौदापैकी एका फेरीत तुम्ही चांगल्याला वाईट म्हटलं, तर पुढच्या सगळ्या फेऱ्या चुकीच्या अर्ध्यात जातात आणि शेवटी एखादा निरपराध कमिट हाती येतो. म्हणून सुरुवातीलाच चांगल्या आणि वाईट आकड्यांच्या मधोमध एक रेषा ठरवा. समजा चांगला १०० आणि वाईट ८८, तर रेषा ९४. आकडा ९३ किंवा ९५ आला तर निकाल देऊ नका, आणखी दोन बूट घेऊन मोजा. कधी कधी आकडा खरोखरच मध्ये बसतो. अशा वेळी घसरण दोन वेगवेगळ्या कमिटांनी केलेली असू शकते, मग प्रत्येकीसाठी स्वतंत्र बायसेक्ट करावा लागतो. कंपाइल न होणारा किंवा बूट न होणारा कमिट आला तर स्किप म्हणा, अंदाजानं चांगला-वाईट ठरवू नका. स्क्रिप्टनं चालवत असाल तर बाहेर पडतानाचा कोड ० म्हणजे चांगला, १ म्हणजे वाईट, १२५ म्हणजे स्किप. कर्नलसाठी दर फेरीला रीबूट लागतो, म्हणून ही स्क्रिप्ट समोरच्या, कर्नल न बदलणाऱ्या मशीनवर ठेवा आणि तिथून चाचणीची मशीन चालवा.

शोध फक्त नेट आणि नेटवर्क ड्रायव्हरच्या फोल्डरपुरता ठेवला तर फेऱ्या कमी होतात, आणि तो मोह मलाही होतो. पण ५.१९ मधली नेटवर्कची ३० टक्के घसरण नेटवर्कच्या कोडमध्ये नव्हतीच, ती एक्स८६ च्या सुरक्षेच्या कोडमध्ये होती. ६.६ मध्ये शेड्यूलरची (कुठल्या प्रोग्रामला सीपीयू कधी द्यायचा ते ठरवणाऱ्या भागाची) जुनी सीएफएस पद्धत जाऊन ईईव्हीडीएफ आली. चाचणीचा प्रोग्राम आणि इंटरप्टचं काम एकाच कोरवर असेल तर असा बदल लेटन्सीत दिसू शकतो. पूर्ण झाडावर (कर्नलच्या सगळ्या स्रोतावर) बायसेक्ट करा.

कमिट सापडला की ताज्या मुख्य कर्नलवर तो रिव्हर्ट करून (मागे घेऊन) मोजा. रिव्हर्ट करताना गुंता होत असेल तर तो कमिट आणि त्याच्या आधीचा कमिट यांची पाच-पाच बूटची तुलना करा. बायसेक्टचा लॉग फेकू नका.

७. कळवणं

आधी ताजी आरसी मोजा, कदाचित दुरुस्त झालंही असेल. बाहेरची बंद-स्रोत मॉड्यूल काढलेला स्वच्छ कर्नल असू द्या. कर्नलच्या स्रोतात गेट-मेंटेनर नावाची स्क्रिप्ट आहे, तिला कमिटनं बदललेल्या फाइली दिल्या की कुणाला कळवायचं त्याची यादी मिळते. त्यात कमिटचा लेखक आणि रिग्रेशनसाठीची खास मेल-यादी जोडा. साध्या मजकुरात रेगझबॉट या रिग्रेशनांची नोंद ठेवणाऱ्या बॉटसाठी "इंट्रोड्यूस्ड" ही ओळ लिहून पुढे कमिटचा हॅश दिला, की तुमची तक्रार थॉर्स्टन लीमहुइस यांनी उभारलेल्या नोंदवहीत जाते आणि विस्मरणात जात नाही.

पहिल्या चार ओळींत सांगा: कुठल्या आवृत्तीपासून कुठल्या आवृत्तीला, कुठली चाचणी, किती टक्के, त्याच कर्नलवर आकडा किती हलतो, आणि कमिटचा बारा अक्षरी हॅश शीर्षकासह. त्याखाली हार्डवेअर, चाचणीची नेमकी आज्ञा, मोजण्यांचे सगळे आकडे. इंटेलचा कर्नल टेस्ट रोबो अशा अहवालांचा उत्तम नमुना आहे. नेटपर्फचा थ्रूपुट किती टक्क्यांनी पडला हे तो पहिल्याच ओळीत सांगतो आणि खाली सगळा तपशील मांडतो.

उत्तर "हे मुद्दाम केलंय" असंही येऊ शकतं. व्हीएमवेअरच्या बाबतीत ती घसरण स्कायलेकवर रेटब्लीड रोखण्याची किंमत होती आणि ती चूक नव्हती. उपाय बंद करा, असा त्याचा अर्थ होत नाही. इतरांचा कोड चालणाऱ्या सर्व्हरवर तर अजिबात करू नका. पण किंमत आकड्यांत मांडली गेली की ती कमी करायला माणसं कामाला लागतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ मध्ये कॉल डेप्थ ट्रॅकिंग हा स्कायलेकसाठीचा स्वस्त पर्याय मिळाला.

पॅच करून पाहायला सांगितलं तर दोन दिवसांच्या आत, त्याच मांडणीवर, तेवढ्याच बूटसह मोजून उत्तर द्या. आकडा परत आला असेल तर स्वतःच्या नावानं "टेस्टेड-बाय" ही ओळ द्या. आणि ती चाचणी तुमच्या संचात कायमची घाला, पुढच्या आरसी-२ ला ती आपोआप चालली पाहिजे.